गोव्याच्या वाटेवरच्या पत्रिका

ज्या माणसाला ‘न्हाय’ म्हणता येत न्हाय, त्यानं मोटरसायकलवर बसू नये. बैलगाडीत बसावं. बैलगाडीला कुटं येळेवर पोचायचं नसतं.

हे मी आता सांगतोय. तवा मला कुणी सांगितलं न्हाय. तवा सगळे भलतंच सांगत हुते.

मौलाली माजा दोस्त. सोलापुरात माज्या पिठाच्या गिरणीला लागूनच त्येचं गॅरेज. मधी एकच भिंत. तिकडं त्यानं हातोडा हाणला की हिकडं माज्या फळीवरनं डबे पडत्यात, आन् माजं पीठ उडालं की त्येच्या ग्रीसमदी भाकरी थापायची सोय हुती. ह्या मौलालीनं भंगारातनं एक जुनी मोटरसायकल उभी केली. कंपनीचं नाव घेत न्हाय, कंपनी कवाच मिटली, मेलेल्याचं नाव कशाला काढा. किक आन् गेर एकाच दांडीला, दोन सायलेन्सर, आन् आवाज असा की ऐकणाऱ्यानं पान थुकून नीट उभं ऱ्हावं. चार वर्सं लागली त्याला. एकेक नट जुनाच पायजे म्हणायचा. एका झाकणापायी चारदा दुधनीला गेला. तितल्या एका म्हातारीनं त्या झाकणात कोंबड्यांना पाणी ठेवलं हुतं, आन् ती म्हणायची, कोंबड्यांना इचारून सांगते.

तर गोव्यात अशा जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार हुता. रॅली. शनवारी दुपारी चारच्या आत गाडी मैदानात उभी पायजे. चारला एक म्हातारा जाणकार येतो, एकेका गाडीचं झाकण उघडून आत बगतो, आन् काम मनाला आलं तर टाकीवर पितळी बिल्ला ठोकतो. चारच्या पुढं आला त्यो नुसता बगायला आला.

मी म्हणलं, “मौल्या, एका बिल्ल्यापायी एवढं लांब?”

त्यो म्हणला, “बिल्ला जाऊ दे रे. तीस वर्सं झाली लोकांच्या गाड्या उघडतोय. माजं काम उघडून कुणी बगितलंय? गिऱ्हाईक काय बगतंय, चालू झाली का, झाली, चला. एकदा कळणाऱ्या माणसानं आत डोकं घालून बगावं. मग नावं ठेवू दे, काय बी करू दे.”

एवढंच त्येचं मागणं. तीस वर्सांत माज्याकडं दळणसुद्धा उधार मागितलं न्हाय ह्या माणसानं.

मागं बसायला कोण, तर मी, हिंदुराव. त्येची बायको कमरबीभाभी म्हणली, “हिंदूभाईला न्या. चार लोकांत बोलायला बरे पडत्यात.” आता बोलायला बरा पडतो का न्हाय ते पुढं येतंयच.

आधी कागदं. गाडीच्या पुस्तकात रंग लिवलेला काळा, आन् मौलालीनं गाडी केली लाल. आरटीओतला टेबलामागचा साहेब म्हणला, ही गाडी ती न्हवंच. मौलाली म्हणला, साहेब, घासून दाखवतो, खाली काळीच हाय. साहेबाचं तसं काय चुकत न्हवतं, त्यो म्हणला, एक अर्ज करा, रंग बदलून घ्या, आठ दिवसांत काम हुतंय. हितं गप बसायचं हुतं. पण मी चार लोकांत बोलायला बरा पडणारा माणूस. मी म्हणलं, “साहेब, माणूस म्हातारपणी केस काळे करतो, तवा काय आधार कार्ड बदलत्यात का?”

साहेबाकडं मग माजं नीट लक्ष गेलं. वय साठीला टेकलेलं, आन् केस नव्या छत्रीसारखे काळेभोर.

आठ दिवसाचं काम पाच आठवड्यांनी झालं.  पुढच्या टायमाला मौलाली मला बाहेर चहाच्या गाड्यावर बसवून एकटा आत गेला.

रॅलीच्या फारमवर लिवलं हुतं, दोघांनाबी हेल्मेट, जाकीट आन् गुडघ्याला कवच. हेल्मेट मिळालं. जाकीट म्हणून जावयाचा थंडीचा कोट घातला. गुडघ्याला डॉक्टरनं दिलेला पट्टा हुताच, त्यो आत बांधत्यात, मी बाहेरनं बांधला. माजी बायको बजाबाई दारातनं बगून म्हणली, “गोव्याला चाललाय का दवाखान्यात चाललाय?” तिला गाडीतलं काय कळत न्हाय.

आन् शेजारी! पंधरा दिवस गिरणीत दळणापेक्षा सल्लाच जास्ती येत हुता. शरणबसव म्हणून आमच्या बोळातला जुना एसटी डायवर, त्यानं रोज येऊन घाट शिकवला. माज्या दळणाच्या पाटीवर खडूनं आंबोलीचं एकेक वळाण काढलं. “हितं ब्रेक दाबशील तर गेलास. हितं न दाबशील तर गेलास.” मी म्हणलं, मी मागं बसणार हाय ओ. त्यो म्हणला, “मग तू कसाबी गेलास.”

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रेवणप्पा आला. बोळाच्या तोंडाला ऱ्हातो, चादरीचं दुकान हाय, भला माणूस. त्येच्या पोरीचं, धनलक्ष्मीचं लग्न बारा दिवसांवर. हातात पिशवी, पिशवीत पाच पत्रिका, प्रत्येकीच्या कोपऱ्याला हळद-कुंकू, आन् अक्षताच्या पुड्या.

“हिंदुरावअण्णा, तुमी गोव्याला चालला म्हणं. एवढ्या पाच हायेत, जवळच्या. वाटेतच हाय की.”

मी इचारलं, मोबाईलवर धाडल्या न्हाईत का? तर म्हणला, “साऱ्या जगाला धाडल्यात. पण ह्या पाच घरांत हातातच द्याय लागती ओ. न्हायतर येत्यात लग्नाला, पण तोंड सुजवून बसत्यात. आन् मी हॉल बगू का आचारी बगू का गावं फिरू? तुमच्यासारकं वजनदार माणूस घेऊन गेलं तर शोभा हाय.”

वजनदार म्हणला. बगा, माणसाला कुटं धरावं हे व्यापाऱ्याला बरोबर कळतंय.

पिशवी घेतली. रात गेली. शुक्रवारी सकाळी सहाला मौलालीनं गाडीवर ती पिशवी बगितली.

“हे काय?”

“काय न्हाय रे. पाच पत्रिका. दारातच द्यायच्या. मोडनिंब, सांगोला, मिरज, निपाणी, गडहिंग्लज.”

“मोडनिंब?” मौलाली म्हणला. “हिंद्या, मोडनिंब पुण्याच्या रस्त्याला हाय.”

“मोडनिंबावरनं आत वळलं की सांगोल्याला निघतंय. रस्ता सगळा एकच हाय.”

“तसा तर काश्मीरचाबी एकच हाय.” एवढं बोलून त्यानं किक हाणली. एका किकेत गाडी सुरू. त्येचं तोंड असं फुललं की मला वाटलं, झालं, इसरला मोडनिंब.

आता पत्रिका दारात देता येत न्हाय, हे मला काय ठाव न्हवतं का? ठाव हुतं. साठ वर्सं ह्याच मुलखात काढल्यात. पत्रिका घेऊन आलेला माणूस म्हंजे लग्नघरचाच माणूस. त्येला पाणी द्यायचं, बसवायचं, पत्रिका देवापुढं ठेवायची, मग त्येचं तोंड गोड करायचं, टॉवेल-टोपी आन् नारळ द्यायचा. त्यो तसाच गेला तर पोरीच्या लग्नाला दृष्ट लागती म्हणत्यात. मी मनात म्हणलं, आपुन सांगू की घाई हाय. पण सांगायच्या आधी ताट यायचं.

मोडनिंबला रेवणप्पाचा मावसभाऊ. सकाळी साडेसात. “लग्नघरचे पाव्हणे आले,” म्हणून त्यानं बायकोला हाक मारली. शिरा, वर तूप, वर केळं. मौलालीला बी हाका मारमारून बोलावलं. पण शेजारची पोरं गाडीच्या टाकीवर बोटं फिरवत हुती, त्यो म्हणला, मी हितंच बरा. त्याला बाहेर चहा पाठवला. मी आतनं खिडकीतनं बगितलं, त्यो चहा पीत हुता, आन् दुसऱ्या हातानं घड्याळ पुसत हुता. घड्याळावर काय बी न्हवतं.

सांगोल्याला रेवणप्पाची आत्या. ऐंशीच्या पुढची. दिसत कमी, ऐकू येत कमी. तिनं मला रेवणप्पाच समजलं. मी तीनदा सांगितलं, आत्या, मी हिंदुराव, शेजारी. चौथ्यांदा तिनं माज्या गालावरनं हात फिरवला आन् रडाय लागली, की लेकरा, किती वाळलास. आता सांगा, कुटल्या तोंडानं उठणार? मी रेवणप्पा हुऊन जेवलो. तिच्या सुनेनं हुग्गी केली हुती, गव्हाची, गुळाची, वर दूध. गव्हाचं मला कळतंय, धंदा हाय माजा. तसली हुग्गी खाऊन माणूस गाडीवर बसत न्हाय, आडवा हुतो. मी जरा आडवा झालो.

उठून बाहेर आलो तर मौलाली गाडीच्या सावलीत उकिडवा बसून चाकाच्या तारा एकेक करून वाजवून बगत हुता. “झालं?” म्हणला. “झालं,” म्हणलं. एवढंच बोलणं.

दोन घरांत दोन टॉवेल, दोन टोप्या, दोन नारळ. वर आत्याबाईनं दिलेली शेंगदाण्याच्या पोळ्यांची पाटी. गाडीच्या मागच्या कॅरियरला बांधलं. रॅलीची गाडी आता बाजाराची दिसाय लागली.

मिरजेत खरी गाठ पडली. धनलक्ष्मीचे थोरले मामा, संगप्पा. दांडगा माणूस, पांढरी मिशी. पत्रिका हातात घेतली, वाचली, आन् टीपॉयवर उलटी ठेवली. उलटी ठेवली म्हंजे झालं, आत्ता रुसवा सुरू.

“भाचीच्या लग्नाची पत्रिका,” संगप्पा म्हणला, “थोरल्या मामाला, शेजाऱ्याच्या हातनं?”

मी म्हणलं, रेवणप्पा हॉलमदी अडकलाय.

“हॉल पळून चाललाय का? उद्या मंगळसूत्र बी शेजाऱ्याकडनंच धाडणार का?”

हितं उठायला पायजे हुतं. मामा रुसला तर रेवणप्पा येऊन काढंल रुसवा, माजं काय जातंय? दुपारचे चार वाजलेले. मौलालीनं दारातनं मान घालून सांगितलं, “हिंद्या, अंधार पडायच्या आत निपाणी गाठू, म्हंजे उद्या बिनघोर.” मी त्याला हातानं थांब म्हणून खूण केली. का केली? मला वजनदार म्हणलं हुतं म्हणून केली. हा रुसवा आपुन मोडला तर सोलापुरात नाव हुईल म्हणून केली. खरं सांगायला बसलोय तर खरंच सांगतो.

मी संगप्पाला माज्या लग्नातला रुसवा सांगितला, माज्या बहिणीच्या लग्नातला सांगितला, न झालेल्या लग्नातलेबी दोन सांगितले. रेवणप्पाला फोन लावला, त्यो फोनवर रडला, मामा हिकडं रडला. मी रेवणप्पाला न इचारता मामाला मानाचा फेटा आन् स्टेजवर पहिली खुर्ची कबूल केली. तवा कुटं पत्रिका सुलटी झाली. आन् मग मामा म्हणला, आता जेवल्याबिगर जाऊन दाखवा. बासुंदी आटवायला ठेवली. बासुंदी आटायला येळ लागतोय, हे मी त्येंना सांगू शकत न्हवतो.

मुक्काम तितंच पडला. सकाळी सातला निघायचं ठरलं, तर मामांच्या घरची पूजा, पत्रिका देवापुढं, आरती. नऊ वाजले.

निपाणीत रेवणप्पाचा साडू. गडहिंग्लजला चुलतबहीण दानेश्वरी. ती तर म्हणली, “दादा, आमच्या दारात पयल्यांदा कुणी माहेरचं माणूस आलं.” मी तिच्या माहेरचा न्हाय, बोळातला हाय. पण बाईच्या डोळ्यांत पाणी बगून मी दादा झालो आन् पाटावर बसलो. ताट मोठं हुतं. बाहेर मौलालीनं एकदा हॉर्न वाजवला. सबंध वाटेत एकदाच, लई हळू. लाज वाटल्यागत वाजवला. मी म्हणलं, आलो आलो, आन् भात वाढून घेतला.

आता तुमी इचाराल, मौलालीनं आत येऊन कॉलर धरून का ओढून नेलं न्हाय? मीबी त्याला हेच इचारलं, लई दिवसांनी. त्यो म्हणला, “लोकांच्या घरात लेकीच्या लग्नाचं बोलणं चालू हाय. त्यात जाऊन काय म्हणू? माज्या मोटरसायकलचं झाकण कुणीतरी बगणार हाय म्हणून?”

आंबोलीचा घाट उतरलो तवा चार वाजून गेले हुते. मौलालीनं घड्याळ काढून खिशात घातलं. आन् गाडी! गाडी कुटं रुसली न्हाय, कुटं फुरफुरली न्हाय. चढाला, उताराला, वर पाच नारळ, टॉवेल, पोळ्या, आन् पाच घरचं जेवलेला मी, एवढं सगळं वढत सोलापूरपास्नं गोव्यापातूर एका दमात आली.

मैदानाच्या गेटावर सव्वासहाला पोचलो. गेटावरच्या माणसानं गाडीकडं बगितलं, टॉवेल बगितले, नारळ बगितले, आन् म्हणला, “केटरिंगवाले मागच्या गेटनं.”

मौलाली उतरला. लाल गाडी धुळीनं परत काळी झाली हुती, पुस्तकात लिवल्यागत. त्यानं एक टॉवेल सोडला आन् टाकी पुसाय लागला. तेवढ्यात रॅलीवाली एक पोरगी आली, आरोही नाव, पुण्याकडची, हातात यादी. “काका, सोलापूरची एंट्री तुमचीच ना? तपासणी चारलाच सुरू झाली हो, कधीच संपली. ते सर साडेपाचला निघून गेले. काय झालं? एवढा उशीर?”

आजूबाजूला चाळीस-पन्नास गाडीवाले. चामड्याची जाकिटं, गळ्यात रुमाल. सगळे आमच्याकडं बगायला लागले. मी बगितलं माज्याकडं. जावयाचा कोट, बाहेरनं बांधलेला गुडघ्याचा पट्टा, डोक्यावर मिरजेची टोपी. आता ह्या पोरीला काय सांगू? मी पाच ठिकाणी जेवलो म्हणून उशीर झाला?

मी म्हणलं, “काय सांगायचं ताई, जुनी गाडी. बंद पडली. तीन येळा बंद पडली. मिरजेत, निपाणीत, आन् गडहिंग्लजला.”

बोलून गेलो. तोंडातनं निघाल्यावर मला कळलं काय बोललो. मौलालीचा टाकी पुसणारा हात थांबला. त्यानं माज्याकडं बगितलं न्हाय. टाकीकडंच बगत हुता. मग परत पुसाय लागला, हळू, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं.

बजाबाईनं मला आयुष्यात लई बोलून घेतलंय. सासऱ्यानं भर पंगतीत उठवलंय. एकदा गिरणीत अळी निघाली म्हणून बोळातल्या बायकांनी पीठ अंगावर वतलंय. त्या मौलालीच्या हाताएवढं कशानं लागलं न्हाय.

मी त्याच येळी म्हणायला पायजे हुतं, की ताई, खोटं बोललो.  आन् त्या पोरीचं तोंड तर एकदम मऊ पडलं. “तीनदा बंद पडूनही आलात?” म्हणली, आन् पळत गेली.

अर्ध्या तासात स्टेजवरनं पुकारलं. सोलापूरहून आलेले मौलालीकाका! वाटेत तीनदा गाडी बंद पडली, तरी हिंमत सोडली नाही! जिद्दीचा खास पुरस्कार! टाळ्या, शिट्ट्या, हॉर्न. लोकांनी मौलालीला हाताला धरून वर नेलं. हातात एक भली मोठी चकचकीत ट्रॉफी, वर सोनेरी मोटरसायकल. पोरगी माईक पुढं करून इचारती, “काका, काय बिघाड झाला होता?”

तीस वर्साचा मिस्त्री. रात्रीचा झोपेतनं उठवला तर आवाजावरनं गाडीचा रोग सांगंल. त्यो माईकपुढं उभा, आन् बिघाड सापडंना. कारण बिघाड न्हवताच. मी खाली उभा. मला वाटलं आता सांगंल. सांग बाबा, बोट दाखव माज्याकडं, सुटू दे एकदाचा.

मौलाली म्हणला, “कचरा आलता. पेट्रोलमदी.”

“तिन्ही वेळा?”

“व्हय.”

टाळ्या झाल्या. त्यो खाली आला, ट्रॉफी माज्या हातात दिली, म्हणला, “धरा हिंदुराव. तुमची हाय.”

धरा. तुमची. हिंदुराव. मी हिंद्याचा हिंदुराव झालो तितं, समुद्राच्या काठाला.

परतीला सोलापूरपातूर त्यो माज्याशी नीटच बोलला. पाणी पायजे का, पाठ दुखती का, गुडघा कसा हाय. सगळं ‘तुमी’ लावून. आमच्या मधी एकच भिंत हुती ती पत्र्याची. ती त्यानं दगडी केली.

घरी बजाबाईनं ट्रॉफी टीव्हीवर ठेवली. रेवणप्पानं बोळभर सांगितलं, की हिंदुरावअण्णांनी मामांचा रुसवा मोडला. लग्नात मला फेटा बांधला, मामांच्या शेजारची खुर्ची दिली. मौलाली लग्नाला आला, आहेर दिला, जेवला, आन् जाताना मला म्हणला, “येतो बरं का.” त्या फेट्याखाली डोकं असं तापलं की घरी येऊन पाण्याखाली धरलं.

आन् त्या पोरीनं त्यो कार्यक्रम मोबाईलवर टाकलेला. आठ दिवसांत सोलापुरात पोचला. मौलालीच्या दारात लोकं गाडी थांबवून दात काढायचे. “काय मिस्त्री, सोताच्या टाकीतला कचरा निघंना, आमचा काय काढणार?” कुणी हसायला म्हणायचं, कुणी खरंच म्हणायचं. दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइकं पुढच्या चौकातल्या गॅरेजला जाताना मी गिरणीतनं बगितली. भिंतीपलीकडनं हातोडा कमी ऐकू याय लागला. माजे डबे फळीवर गप उभे. तसल्या शांततेत दळण बी नीट पडत न्हाय.

रोज मी जायचो गॅरेजला. पूर्वी गेलो की एका फाटक्या टायरवर बसायचो, त्यो लाथेनं सरकवून द्यायचा. आता गेलो की मौलाली काम सोडून उठायचा, हात पुसायचा, आतनं खुर्ची आणायचा, फडक्यानं झाडायचा. “बसा हिंदुराव. चहा सांगू?” खुर्ची कुशनची हुती. त्या खुर्चीत बसल्यावर मला काय बोलायचंय ते बोलता यायचं न्हाय. माफी मागायला खुर्ची लई उंच पडती.

एका सकाळी बसलो हुतो तसा. मौलाली एका रिक्षाच्या खाली आडवा पडलेला, फकस्त पाय बाहेर. तेवढ्यात अभिमन्यू आला. होटगीला रेल्वेत हाय, गाडी ह्याच गॅरेजला लावणारा. गाडी बंद न करता म्हणला, “मिस्त्री, क्लच बगायचा हुता. पण म्हणलं, आधी तुमचा कचरा निघाला का इचारावं.”

रिक्षाखालचे पाय हलले न्हाईत.

मी खुर्चीतनं उठलो. गुडघा वाजला. म्हणलं, “अभिमन्यू, गाडी बंद कर आन् ऐक. मौल्याची गाडी कुटं बंद पडली न्हाय. एकदाबी न्हाय.”

“अहो काका, त्यो सोता म्हणलाय स्टेजवर.”

“माजी अब्रू झाकायला म्हणलाय. बंद पडली म्हणून मी सांगितलं. खोटं. मी जेवत बसलो हुतो, म्हणून उशीर झाला.”

“जेवत?” अभिमन्यूनं गाडी बंद केली. आणखी दोघं-तिघं रस्त्यावरनं वळली. आमच्या बोळात कुणी मोठ्यानं बोललं की माणसं पाण्यागत उताराला येत्यात. शरणबसव बी आला. “एका जेवणानं दोन अडीच तास उशीर?”

“एक न्हाय.”

“मग किती?”

आन् मला भर रस्त्यात, माज्याच गिरणीपुढं, माज्याच गिऱ्हाइकांपुढं सांगाय लागलं. मोडनिंबला शिरा. सांगोल्याला हुग्गी, आन् वर झोप. मिरजेत बासुंदी. निपाणीत पुरी-भाजी. गडहिंग्लजला सगळं ताट, दोनदा भात. सांगताना कान असे तापले की वाटलं, कानातनं वाफ निघंल. लोकं आधी हसली. मग हळूहळू हसायची थांबली, कारण मी सांगत हुतो, की त्येचं झाकण उघडून बगणारा माणूस साडेपाचपातूर थांबून गेला, आन् मौल्यानं मला एका शबुदानं बोललं न्हाय. शरणबसव म्हणला, “अरारा, हिंदुराव.” एवढंच म्हणला. त्यापेक्षा त्यानं घाटातनं ढकलून दिलं असतं तर बरं.

मी म्हणलं, “पाच घरं. पाच जेवणं. झालं. माजं चुकलं, मौल्या.”

रिक्षाखाली जरा येळ पान्याचा आवाज आला. मग आतनं मौलाली बोलला.

“सहा.”

मी म्हणलं, “काय?”

“सहा जेवणं. पाच न्हवं.” त्यो रिक्षाखालनं घसरत बाहेर आला, तोंडाला सगळं काळं. “आंबोलीत पोटात कळ आली म्हणून झाडीत गेलतास ना? अर्धा तास? झाडीमागच्या टपरीवर कांदाभजी कोण खात हुतं, हिंद्या? परत येऊन माज्या मानेवर ढेकर दिलास, मला काय नाक न्हाय व्हय?”

ते खरं हाय. ते मी तुमालाबी सांगितलं न्हवतं.

लोकं जी हसायला लागली, ती आवरंनात. मौलाली हसला न्हाय. त्यानं अभिमन्यूच्या गाडीचा क्लच दाबून बगितला, कान लावला, म्हणला, “ठिऊन जा, दुपारला ने.” मग माज्याकडं न बगताच म्हणला, “पुढच्या साली मागं कमरबी बसणार हाय. फारम भरून झालाय. ती कुणाच्या घरी पाणीसुदा पीत न्हाय.”

“बरं,” म्हणलं.

“आन् ती खुर्ची सोड. गिऱ्हाइकाला बसू दे.”

मी खुर्ची सोडली. त्यानं पायानं टायर सरकवून दिला.